दादीने स्वतः काढलेला फोटो

परंड्याच्या आमच्या घरात माणसाचा फोटो भिंतीवर कधी लागला नाही. काबाशरीफची तसबीर आणि कॅलेंडर, बस्स. हा दादीचा हुकूम होता. तिचा स्वतःचा चेहरा फक्त मतदान ओळखपत्रावर होता. तो फोटो काढताना एका अनोळखी पोराने तिला पदर मागे घ्यायला लावला होता. ते कार्ड तिने पेटीत कायम उलटे ठेवले.

जाण्याच्या वर्षभर आधी एका दुपारी तिने माझा मोबाईल मागितला. मी कॅमेरा तिच्याकडे फिरवून दिला. स्क्रीनवर स्वतःला बघून म्हणाली, "मैं इत्ती बुड्डी कब हुई रे?" मग पदर सारखा केला, कपाळापर्यंत ओढला आणि बटण दाबले. फोटो तिरका आला. दादी एका कडेला, बाकी सगळी भिंत.

असाच एक कडेला सरकलेला चेहरा १८३९ सालचा आहे. अमेरिकेतल्या फिलाडेल्फियात दिव्यांचा धंदा करणाऱ्या घरातला रॉबर्ट कॉर्नेलियस दुकानामागे उजेडात कॅमेरा लावून स्वतःच त्याच्यासमोर बसला. माणसाने स्वतःचा काढलेला, आज शिल्लक असलेला हा सर्वांत जुन्या फोटोंपैकी एक. केस विस्कटलेले, नजर थोडी बाजूला. कॅमेऱ्यामागे कोणी नव्हते, त्यामुळे असे बस, तसे बघ, म्हणणारेही कोणी नव्हते.

आमचा मुलूख तेव्हा निजामाच्या राज्यात होता. त्याच राज्यात, हैदराबादेत, लाला दीनदयाळ यांनी १८९२ साली पडदानशीन बायकांसाठी जनाना स्टुडिओ काढला. तिथे फोटो काढणारीही बाईच होती. आपल्याला कोण बघणार, हा प्रश्न त्या बायकांनाही होताच. पण ती सोय अमीर-उमरावांच्या घरांसाठी होती. परंड्यातल्या बाईच्या वाट्याला ती मोबाईलमुळे आली, तीही सव्वाशे वर्षांनी.

दादी गेल्यावर चाचा म्हणाले, "तसवीर गुनाह है, मिटा दे." मी वाद घातला नाही. पण कॉर्नेलियसचा फोटो ज्या पत्र्यावर उमटला, तो चांदीचा मुलामा देऊन आरशासारखा घासलेला असायचा. इजिप्तचे मुफ्ती मुहम्मद बखीत यांनीही म्हटले होते की फोटो म्हणजे घडवलेली मूर्ती नव्हे, रोखून धरलेली सावली. दुसरे उलेमा हे मानत नाहीत, हेही मला माहीत आहे. चाचा त्यांच्याच बाजूचे.

मी फोटो मिटवला नाही. भिंतीवरही लावला नाही. एक प्रत काढून दादीच्या पेटीत, त्या कार्डाशेजारी ठेवली. ही मात्र सुलटी.

त्या दुपारी मोबाईल परत देताना दादी म्हणाली होती, "तेरेपास रख. किसीकू भेज मत." म्हणून या लेखासोबत तो फोटो नाही.