मग त्याने हलायचे कुठे?

गेल्या पावसाळ्यातली गोष्ट. धर्मग्रामातील घरभेटी करीत मी एका संध्याकाळी हडपसरकडील एका इमारतीच्या तिसऱ्या मजल्यावर पोहोचलो. जिना चढताना लागलेली धाप लपवीत खुर्चीवर टेकतो, तोच चार वर्षांचा मुलगा पलंगावरून उडी मारून पुढ्यात उभा राहिला. आई ओशाळली. “बस रे एका जागी, फादर आलेत,” असे म्हणून तिने त्याच्या हाती मोबाईल दिला. पोर तत्काळ कोपऱ्यात गप्प झाले. मी आशीर्वादाची प्रार्थना केली आणि निघताना सवयीप्रमाणे उपदेश केला : याला मोबाईल देऊ नका, खेळू द्या.

ती माउली क्षणभर थांबली. मग म्हणाली, “फादर, रागावू नका. शाळेत बाई याला बस म्हणतात, घरी मी बस म्हणते, खालच्या मजल्यावरचे धावू नको म्हणतात. रविवारी मिस्सेत तुम्हीही मुलांना गप्प बसवा म्हणता. मग यानं हलायचं तरी कुठं?”

मला उत्तर सुचले नाही.

त्या रात्री मला माझे लहानपण आठवले. राहुरीकडच्या आमच्या खेड्यात सूरपारंब्या आणि विटीदांडू खेळणाऱ्या पोरांना हाका मारमारून घरी आणावे लागे. पुढे सेमिनरीत संध्याकाळचा खेळ हा शिस्तीचाच भाग होता. प्रार्थनेची घंटा व्हावी तशी व्हॉलीबॉलचीही होई. धर्मगुरू झाल्यावर बाकीच्या घंटा मी पाळल्या, तेवढी एक सोडून दिली. पन्नाशी ओलांडली, रक्तातील साखर वाढली, रोज चालण्याचा डॉक्टरांचा सल्ला टेबलाच्या खणात पडून राहिला. आणि असा मी त्या आईला खेळाचे महत्त्व सांगत होतो!

आपले पुणे खरे तर खेळाचे शहर. खो-खोचे नियम १९१४ साली डेक्कन जिमखान्याने घालून दिले. १९२४ साली येथेच महाराष्ट्रीय मंडळ स्थापन झाले आणि व्यायामाचे शिक्षण देऊ लागले. २०२५ साली दिल्लीत खो-खोची पहिली विश्वचषक स्पर्धा झाली, तेव्हा पुरुष व महिला दोन्ही विजेतेपदे भारताला मिळाली. आम्ही टाळ्या वाजवल्या. पण आमच्या इमारतींच्या अंगणात आज गाड्या उभ्या असतात, आणि फाटकाबाहेर लहान मुलाला एकटे सोडवत नाही. म्हणून मैदानाची वाट न पाहता सुरुवात घरातच करावी लागते.

जागतिक आरोग्य संघटनेने २०१९ साली अगदी लहान मुलांसाठी मार्गदर्शन प्रसिद्ध केले. एक ते चार वर्षांच्या मुलांची दिवसभरात मिळून किमान तीन तास हालचाल व्हावी. तीन-चार वर्षांच्या मुलांसाठी त्यातील निदान एक तास चांगली दमवणारी असावी. दोन ते चार वर्षांच्या मुलांनी पडद्यासमोर एका तासाहून अधिक बसू नये. त्याहून कमी असेल तर उत्तमच. तीन तास ऐकून पालकांनी घाबरू नये. ते सलग नव्हेत. जिना चढणे, बादलीत तांब्याने पाणी भरणे, केर काढताना मध्येमध्ये लुडबुडणे, गाणे लावून नाचणे, हे सारे त्यात आले. न रांगणाऱ्या बाळालाही जागेपणी, आपल्या डोळ्यांदेखत, दिवसाकाठी अर्धा तास पालथे घालावे, असे त्यात सांगितले आहे. मोठ्यांसाठीही आठवड्याला किमान दीडशे मिनिटांचा व्यायाम सांगितलेला आहेच.

महिन्याभराने मी पुन्हा त्या घरी गेलो. या वेळी उपदेश न करता विचारले, “काय जमेल?” मुलाचे वडील कारखान्यातून पहिली पाळी करून आले होते. ते म्हणाले, “फादर, दिवसभर उभाच असतो. आता धावायचं त्राण नाही.” त्यांचे म्हणणे खोटे नव्हते. म्हणून त्यांनी चटईवर ओणवे होऊन फक्त घोडा व्हायचे ठरले. आईने खालच्या बिऱ्हाडाला विचारून सहा ते साडेसहा ही वेळ ठरवून घेतली. उड्यांसाठी जमिनीवर गादी अंथरली, म्हणजे आवाज बेताचा. गुडघेदुखीने बसून असलेल्या आजीकडे टाळ्या वाजवून आकडे मोजण्याचे काम आले.

संत जॉन बॉस्को लहानपणी गावातल्या मुलांना दोरीवरच्या कसरती करून दाखवी आणि त्यांना प्रार्थनेसाठी जमवी. ही कथा मी कितीदा तरी प्रवचनात सांगितली आहे. तो स्वतः दोरीवर चढत असे, ही गोष्ट मात्र माझ्या नजरेतून निसटली होती.

आता रविवारी मिस्सेनंतर चर्चच्या आवारात तासभर गाड्या नसतात. काही जण नाराज झाले. त्यांचीही अडचण खरी आहे. पण तेवढ्या जागेत लंगडी रंगते, आणि ‘मुलांना गप्प बसवा’ हे माझे वाक्य मी सोडले आहे. मागच्या रविवारी त्याच मुलाने माझा झगा ओढून मला रिंगणात घेतले. तीन उड्यांत मी भिंत धरली. “फादर आउट!” तो ओरडला, आणि भिंतीशी उभी असलेली त्याची आई पदर खोचून माझ्या जागी आली.