माड काही विसरत नाही

माडाशी सोयरीक जमवायची तर त्याच्या दोन गोष्टी आधी ठाऊक हव्यात. तो भारी मानी आहे, आणि त्याची स्मरणशक्ती दांडगी आहे. पुढचं सगळं या दोहोंतूनच निघतं.

मानीपणा पहिल्या दिवसापासून दिसतो. त्याला आंब्याखाली किंवा घराच्या सावलीत जागा दिलीत तर तो तक्रार करत नाही, उजेडाकडे कलतो. मग पाणी तुम्ही घालायचं आणि नारळ शेजाऱ्याच्या अंगणात. दोन माडांत 25 फुटांचं अंतर ठेवावं असं कृषी खात्यापासून जाणत्या आगरवाल्यांपर्यंत सगळे सांगतात. तरी परसात दहा-दहा फुटांवर रोपं रोवली जातात. झावळीला झावळ लागली की सगळेच शेंडे उन्हासाठी वर धावतात आणि फळायचं राहून जातं.

लावताना त्याची मान सांभाळावी लागते. तीन फूट लांब-रुंद-खोल खड्डा, तळाशी शेणखत आणि वरची चांगली माती. रोप नऊ ते बारा महिन्यांचं, पाच-सहा पानांचं, बुंध्याशी जाड. नारळ मातीत झाकला जावा, पण कोंब जिथून निघतो ती मान उघडी राहावी. पहिल्याच पावसात तिच्यावर माती आली आणि पाणी साचलं, की साहेब कुजून निघून जातात.

जगला, तर चार-पाच वर्षं नुसता बसून राहतो. खोडाचा पत्ता नसतो, जमिनीतूनच झावळ्या फुटतात, आणि घरातलं कुणीतरी हमखास म्हणतं, ‘ह्याचं काही खरं नाही.’ तो मात्र त्या काळात बुंधा रुंद करण्याच्या उद्योगात असतो. आंबा-फणसाचं खोड दरसाल जाड होतं, माडाचं तसं होत नाही. जमिनीवर येताना जेवढी कंबर धरली तेवढीच पुढे जन्मभर. कुणी पायऱ्यांसाठी कोयत्याने खाचा पाडल्या तर त्या कधीच भरून येत नाहीत. महिन्याला साधारण एक नवी झावळ येते, आणि जुनी गळली की तिचा वण अंगावर उरतो. म्हाताऱ्या माडाच्या बुंध्यापासून नजर वर वर नेत गेलात, की मध्येच खोड आवळलेलं दिसतं. ती त्याची उपासमारीची वर्षं. पुढे किती खाऊपिऊ घातलं तरी तेवढा भाग तसाच राहतो.

पण त्याचा खरा हिशेब शेंड्यात चालतो. पोय, म्हणजे माडाचा फुलोरा, बाहेर पडून उमलते त्याच्या जवळजवळ 32 महिने आधी ती आत, कोवळ्या पानाच्या बगलेत, आकार धरू लागलेली असते. उमलल्यावर नारळ पिकायला आणखी बारा महिने. म्हणजे आज उतरवलेल्या नारळाची गोष्ट 44 महिन्यांपूर्वी सुरू झाली. तीन वर्षांपूर्वीच्या मे महिन्यात विहीर आटली म्हणून तुम्ही त्याचं पाणी तोडलंत, हे तुम्ही विसरता, तो विसरत नाही. यंदाची पेंड अर्धी देऊन तो ते सांगतो. लोक एका जूनमध्ये खत घालतात आणि पुढच्या गणपतीला विचारतात, ‘नारळ वाढले कसे नाहीत?’ त्याला उत्तर द्यायची घाई नसते. मोठ्या माडाला वर्षाला 50 किलो शेणखत, 2.25 किलो युरिया, 3 किलो सुपर फॉस्फेट, 2 किलो पोटॅश लागतं. तेही जून, ऑक्टोबर, फेब्रुवारी असं तीन हप्त्यांत, आणि बुंध्याशी न ओतता पाच-सहा फुटांपर्यंतच्या आळ्यात पसरून, कारण त्याची खाणारी मुळं तिथवर पसरलेली असतात.

एवढ्या ताठ माणसाचा जीव मात्र एका जागी अडकलेला आहे. शेंड्यात एकच कोंब. तो गेला की माड गेला, बाजूने दुसरा फुटत नाही. गेंड्या भुंग्याला ही नस बरोबर माहीत आहे. तो मिटलेल्या सुरळीतच शिरतो, आणि पान उलगडल्यावर कळतं: मुलाने कागदाच्या घडीला कात्री लावून उघडावी तशी दोन्ही बाजूंना सारखी नक्षी. तेव्हा वर चढून भोकातला ओला भुसा पाहायचा, तारेचा आकडा घालून भुंगा ओढून काढायचा, आणि कोवळ्या पानांच्या बेचक्यांत डांबरगोळ्या ठेवून वर वाळू भरायची. त्याची पिल्लं तुमच्याच शेणखताच्या ढिगात वाढतात, हेही लक्षात असू द्या. त्या जखमेच्या वासावर सोंड्या भुंगा येतो. तो जास्त घातकी, खोडाच्या आत राहून खातो. खोडाला कान लावला तर अळ्यांचं कुरतडणं ऐकू येतं. तोवर बहुधा उशीर झालेला असतो.

त्याचा मोठा अपमान 2016 साली गोव्यात झाला. वृक्षसंरक्षणाच्या कायद्यात दुरुस्ती झाली आणि माडाला झाडांच्या यादीतून वगळण्यात आलं. त्याला फांद्या नाहीत, मग झाड कसलं, असा वाद रंगला. ज्याच्या नारळाशिवाय देवापुढचं गाऱ्हाणं सुरू होत नाही, त्याच्याबद्दल हे! पुढच्याच वर्षी सरकारने त्याला राज्यवृक्ष ठरवलं, हे फार बरं झालं.

आता लावायचा कोणता? बुटका सिंगापुरी तीन-चार वर्षांत फळतो, दिसायला देखणा, पाडेकऱ्याची वाट बघायला लावत नाही, पण आयुष्याने कमी आणि तब्येतीने नाजूक. उंच बाणावली सहा-सात वर्षं थांबवतो आणि मग नातवंडांपर्यंत पुरतो. जागा आणि ऊन असेल तर मी बाणावलीच सांगेन. खड्डा मे महिन्यातच खणून ठेवा, जूनचे दोन-चार पाऊस जमिनीत मुरू द्या, आणि मग रोप आणा.