वळणाचं वजन

वास्तुविशारद नारी गांधी मुंबईच्या जे.जे.त शिकले, मग अमेरिकेत फ्रँक लॉइड राइट यांच्या टॅलिएसिन या निवासी कार्यशाळेत राहून आले. परतल्यावर त्यांनी नकाशे जवळजवळ काढलेच नाहीत. साइटवर उभं राहायचं, गवंड्यांशी बोलायचं, विटेवर वीट चढताना पाहायचं. महापालिकेच्या नकाशे-मंजुरीच्या खिडकीपुढे हा माणूस कसा टिकला असता, देव जाणे! पण रेवदंड्याला त्यांनी बांधलेल्या घरातल्या विटांच्या कमानी पाहिल्या, की ऑर्गॅनिक आर्किटेक्चर म्हणजे काय ते डोक्यात नव्हे, मानेत कळतं. वर बघत राहावं लागतं.

वीट दाब सोसते, ताण नाही. साखळी दोन खिळ्यांना सैल टांगली तर तिचं अगदी उलट: फक्त ताण. तिचा तो झोळ उलटा धरला की फक्त दाबावर उभी राहणारी कमान मिळते. स्पेनचे वास्तुविशारद गाउदी यांनी बार्सिलोनाजवळच्या एका चर्चसाठी दोऱ्यांना छर्‍यांच्या पिशव्या टांगून असेच आकार शोधले. आमचे गवंडी हे गणित न मांडता जाणतात. कमानीखालच्या तात्पुरत्या आधाराच्या, म्हणजे सेंटरिंगच्या, पाचरी ते एकदम ओढत नाहीत. दोन्ही बाजूंनी थोड्या थोड्या सैल करतात. कमान किंचित बसते, पाय बाहेर ढकलू बघते, आणि बाजूची भिंत जाड असेल तरच ऐकते.

माझ्या दादरच्या ऑफिसात लोक मला ‘ऑर्गॅनिक’ म्हणून मोबाईलवर शंखासारखी घरं दाखवतात. त्यांचा फ्लॅट मात्र परळच्या टॉवरमधला, वन बीएचके. वर सपाट स्लॅब, त्याखाली पीओपीची वळणं. ती काहीच उचलत नाहीत. शंखाचं वळण शंखालाच उभं ठेवतं. शिवाय गोल भिंतीला कपाट टेकत नाही, हे कुणी लक्षातच घेत नाही.

त्यापेक्षा गिरगावातली खोताची वाडी मला जास्त ऑर्गॅनिक वाटते. उतरती छपरं, लाकडी व्हरांडे, बाहेरून चढणारे जिने: पाऊस, ऊन आणि शेजार यांनीच घडवलेलं सगळं. वळण म्हणाल तर फार तर गल्लीला.

परळच्या एका जोडप्याची हॉलमध्ये घेतलेली बाल्कनी मी पुन्हा मोकळी करून दिली, पश्चिमेला लाकडी झडपा लावल्या. वारा घरभर फिरू लागला. पण वळण एकही नाही, म्हणून ती दोघं जरा खट्टूच झाली. वॉशबेसिन मात्र त्यांनी मला न विचारता आणलं, शिंपल्याच्या आकाराचं.