बोटांना कळलेलं

व्हिडिओ गेम कधीच कला होऊ शकत नाही, असं अमेरिकन चित्रपट समीक्षक रॉजर ईबर्ट यांनी २०१० साली लिहिलं. खेळाला नियम असतात, गुण असतात, तो जिंकता येतो. कलाकृती अनुभवायची असते, हा त्यांचा मुद्दा. २०१२ साली न्यूयॉर्कच्या म्युझियम ऑफ मॉडर्न आर्टनं पॅक-मॅन, टेट्रिससह १४ गेम संग्रहात घेतले. वाद तरीही चालूच आहे.

मी गेम डिझाइन करतो. आमच्या बाजूनं बोलणारे बहुतेक जण गेममधली चित्रं, संगीत, कथा पुढे करतात. ते मला पटत नाही. ही सगळी दुसऱ्या कलांची मिळकत. आमचं स्वतःचं काय, ते शोधायचं तर खेळणाऱ्याच्या हाताकडे बघावं लागतं.

‘ब्रदर्स: अ टेल ऑफ टू सन्स’ हा २०१३ सालचा स्वीडिश गेम. दिग्दर्शक योसेफ फारेस मूळचे सिनेमावाले. आजारी बापासाठी औषधी पाणी आणायला दोन भाऊ निघतात. कंट्रोलरच्या डाव्या स्टिकनं थोरला चालतो, उजवीनं धाकटा; दोघांना एकेक बटण. आई बुडून गेलेली, म्हणून धाकट्याला पाण्याची धास्ती. खोल पाणी आलं की तो थोरल्याच्या पाठीला बिलगून पार होतो. पुढे थोरला मरतो (शेवट सांगितल्याशिवाय मला हे मांडताच येणार नाही) आणि खेळणाऱ्याचा डावा हात एकदम रिकामा पडतो. परतीच्या वाटेवर पुन्हा पाणी आडवं येतं. धाकट्याचं बटण कितीही दाबा, तो पुढे जात नाही. मग बोट डावीकडे, थोरल्याच्या बटणावर जातं, आणि पोरगा पोहू लागतो.

थोरल्याचं बळ धाकट्यात उतरलं, हे बोटाला आधी कळतं, डोळ्यांना मागून. त्यासाठी त्या बोटाला तासन्‌तास सवय लावलेली असते. आमच्या कामातलं खरं कसब हेच: सवय लावायची आणि नेमक्या जागी तिला अर्थ द्यायचा. नवी लेव्हल चाचणीला लावली, की मी स्क्रीन सोडून खेळणाऱ्याच्या बोटांवर नजर ठेवतो. ती कुठे थबकतात, कुठे घाई करतात, यावरून काय पोचलं ते समजतं.

ईबर्ट यांना नियम कलेच्या आड येणारे वाटले. इथे तर नियमच बोलतो.

दुसऱ्याला खेळताना यूट्यूबवर बघून मत बनवू नका. हा गेम एका संध्याकाळीतही संपतो. कंट्रोलर स्वतःच्या हातात घ्या आणि मग ठरवा.