गाडी कशी आहे? मालकाला काय कळतं आणि काय कळत नाही



आजचा विषय गाडीचा असला तरी लेख आरोग्याचाच आहे. आमच्या नाशिकमध्ये सातपूरला महिंद्राचा कारखाना, आजूबाजूला सुटे भाग बनवणारे शेकडो उद्योग. त्यामुळे इथे गाडीबद्दल मत नाही असा माणूस सापडणं कठीण. दवाखान्यातही बीपी मोजता मोजता हा विषय निघतो. आमच्याकडे 12 वर्षं ह्युंदाईची सँट्रो होती, हे जुन्या पेशंटना माहीत आहे. त्यामुळे ‘मॅडम, तुमची सँट्रो कशी होती हो? भाच्याला जुनी ह्युंदाई मिळतेय, घेऊ दे का?’ असं बऱ्याचदा विचारलं जातं.

मध्यंतरी एका तरुण जोडप्याने हाच प्रश्न विचारला. बाळ आठ महिन्यांचं, माहेर कल्याणला, म्हणजे महिन्यातून दोनदा कसारा घाट. वापरलेली छोटी गाडी घ्यायची होती. ओळखीतल्या सात-आठ मालकांना विचारून झालं होतं, सगळे म्हणाले, ‘एक नंबर गाडी.’ आता माझं मत हवं होतं. त्यांना जे सांगितलं ते इथे सविस्तर लिहिते आहे, कारण औषधांच्या बाबतीतही आपण नेमकं हेच करतो. ‘शेजारच्या काकूंना ही गोळी लागू पडली’ एवढ्यावर निर्णय घेतो.

आधी थोडा इतिहास

ह्युंदाईचे संस्थापक चुंग जू-युंग यांचा जन्म 1915 सालचा. शेतकरी कुटुंब, आणि गाव आज उत्तर कोरियात आहे. तरुणपणी वडिलांनी गाय विकून आणलेले पैसे घेऊन ते शहरात पळाले. तांदळाच्या दुकानात काम केलं, 1940 मध्ये गाड्या दुरुस्त करायचं गॅरेज घेतलं. ते थोड्याच दिवसांत आगीत जळालं, तरी पुन्हा उभं केलं. पुढे बांधकाम व्यवसाय आणि 1967 मध्ये ह्युंदाई मोटर कंपनी. ‘ह्युंदाई’ या कोरियन शब्दाचा अर्थ ‘आधुनिक’. सुरुवातीला फोर्डची कॉर्टिना जोडून विकायचे. मग 1975 च्या सुमारास पोनी ही स्वतःची गाडी आली. तिचं डिझाइन इटलीच्या जुजारो यांचं आणि इंजिन जपानच्या मित्सुबिशीचं.

1986 मध्ये कंपनीने एक्सेल ही स्वस्त गाडी अमेरिकेत नेली. पहिल्याच वर्षी दीड लाखाहून जास्त गाड्या खपल्या. पण पुढे बिघाडांच्या तक्रारी वाढल्या आणि नाव इतकं खराब झालं की टीव्हीवर ह्युंदाईचे विनोद होऊ लागले. कंपनीने 1998 च्या सुमारास त्यावर उपाय काढला. इंजिन आणि गिअरबॉक्सला 10 वर्षं किंवा 1 लाख मैलांची, म्हणजे जवळजवळ 1 लाख 60 हजार किलोमीटरची वॉरंटी दिली.

त्याच 1998 मध्ये म्हाताऱ्या चुंग यांनी त्या एका गाईचं ऋण म्हणून दोन खेपांमध्ये 1,001 गाई-बैल उत्तर कोरियात पाठवले. आणि त्याच वर्षी सप्टेंबरमध्ये चेन्नईजवळच्या इरुंगट्टुकोट्टईच्या कारखान्यातली सँट्रो भारतात विक्रीला आली. शाहरुख खानची जाहिरात अनेकांना आठवत असेल. गाडी उंच, डोक्यावर टोपी घातल्यासारखी, म्हणून सुरुवातीला लोक हसले. नंतर तीच घरोघरी दिसू लागली. अलीकडे, 2023 मध्ये, कंपनीने आपल्या तळेगावचा जनरल मोटर्सचा कारखाना घ्यायचा करार केला. म्हणजे कोरियाची ही गाडी आता पुण्याच्या शेजारी आली आहे.

आता मूळ प्रश्न. मालक जेव्हा ‘गाडी चांगली आहे’ म्हणतो, तेव्हा त्यात तीन वेगवेगळ्या गोष्टी मिसळलेल्या असतात. त्या सुट्या करून पाहू.

पहिली गोष्ट: मालकालाच कळतं असं

बसायला कसं वाटतं, क्लच जड आहे का, एसी उन्हाळ्यात पुरतो का, सर्व्हिसला किती खर्च येतो. यात मालकाचं मत हाच सर्वांत चांगला पुरावा. औषधाच्या बाबतीत गोळी कडू आहे का, पोटात मळमळतं का, हे जसं पेशंटच सांगू शकतो, तसंच.

माझ्या बाबांचे दोन्ही गुडघे झिजलेले होते. सोफ्यावरून उठायला हात द्यावा लागे, पण सँट्रोत ते स्वतः बसत आणि स्वतः उतरत. याचं कारण साधं आहे. सीट खाली असली की बसल्यावर गुडघा खुब्यापेक्षा वर जातो. अशा खूप वाकलेल्या गुडघ्यावरून उठताना वाटी आणि मांडीचं हाड यांच्यामधला दाब खूप वाढतो. सीट उंच असेल तर गुडघा कमी वाकतो आणि अर्धं काम आधीच झालेलं असतं. लोक ज्या उंचीला हसले, त्या उंचीमुळे बाबा शेवटपर्यंत सोमेश्वरला आणि नातेवाइकांकडे जात राहिले. म्हातारपणी घराबाहेर पडणं बंद झालं की स्नायू, झोप आणि मन तिन्ही खालावतात. त्यामुळे ही गोष्ट मी किरकोळ मानत नाही.

घरात गुडघेदुखीचं माणूस असेल तर त्याला शोरूमला घेऊन जा. दार उघडून पाच वेळा बसायला-उतरायला सांगा. बसल्यावर खुबा गुडघ्याच्या किंचित वर आणि पाय जमिनीला सहज टेकलेले हवेत. एसयूव्ही फार उंच असेल तर बुटक्या माणसाला चढताना तोच त्रास उलट बाजूने होतो.

दुसरी गोष्ट: मालकाला अर्धवट कळतं असं

गाडी बिघडते का? इथे मालक सांगतो ते खरंच असतं, पण ते एका गाडीपुरतं. वैद्यकीय संख्याशास्त्रात ‘तीनचा नियम’ वापरतात. एखादं औषध 30 जणांना दिलं आणि एकालाही गंभीर त्रास झाला नाही, तर त्रासाचं प्रमाण शून्य आहे असं म्हणता येत नाही. 3 भागिले 30, म्हणजे 10 टक्क्यांपर्यंत ते असू शकतं. 300 जणांत एकालाही झाला नाही, तर 1 टक्क्यापर्यंत. म्हणजे आठ मालकांनी ‘काही त्रास नाही’ सांगितलं, तरी दर तीन गाड्यांमागे एक बिघडत असण्याची शक्यता त्यातून नाकारता येत नाही.

म्हणून मला ती अमेरिकेतली वॉरंटी महत्त्वाची वाटते. मालकाचं मत एका गाडीचं असतं. वॉरंटी देणाऱ्या कंपनीला मात्र विकलेल्या प्रत्येक गाडीचा हिशेब द्यावा लागतो, आणि तोही स्वतःच्या खिशातून. जुनी गाडी घेताना शेजाऱ्याच्या कौतुकापेक्षा त्याच गाडीचा सर्व्हिसचा पूर्ण इतिहास बघा. पेशंटची जुनी फाइल आम्ही बघतो तशी.

तिसरी गोष्ट: मालकाला कळतच नाही असं

अपघातात गाडी आतल्या माणसाला वाचवेल का? हे मालक सांगूच शकत नाही. बहुतेकांना सुदैवाने मोठा अपघात झालेलाच नसतो. आणि ज्यांना झाला, त्यांच्यापैकी काही जण मत सांगायला उरलेले नसतात. म्हणजे आपल्यापर्यंत फक्त वाचलेल्यांचीच साक्ष पोहोचते. बीपीच्या गोळीचंही असंच असतं. ‘गोळी बंद केली, मला काही होत नाही’ हे पेशंटचं वाक्य खरं असतं, पण गोळी ज्या पक्षाघातासाठी दिलेली असते तो रोज येत नाही. अशा गोष्टी अनुभवातून कळत नाहीत, चाचणीतूनच कळतात.

गाड्यांची अशी चाचणी असते. ग्लोबल एनकॅप या संस्थेने 2014 मध्ये भारतातल्या पाच छोट्या गाड्यांचं एअरबॅग नसलेलं मूळ मॉडेल ताशी 64 किलोमीटर वेगाने अडथळ्यावर आदळवलं. आल्टो 800, नॅनो, फिगो, पोलो आणि ह्युंदाईची आय10. मोठ्यांच्या सुरक्षेत पाचही गाड्यांना शून्य तारे मिळाले. आल्टो, नॅनो आणि आय10 यांचा सांगाडाच इतका कोलमडला की नुसती एअरबॅग बसवूनही उपयोग नाही, असं संस्थेने म्हटलं. या तिन्ही गाड्यांचे मालक मात्र समाधानी होते, आणि त्यांच्या परीने खरंच बोलत होते.

पुढे चित्र बदललं. ह्युंदाईच्याच व्हर्नाला 2023 मध्ये पाच तारे मिळाले, आणि त्याच वर्षी कंपनीने सर्व मॉडेलमध्ये सहा एअरबॅग देण्याचं जाहीर केलं. भारत एनकॅप ही आपली स्वतःची चाचणीही 2023 मध्ये सुरू झाली. म्हणून ‘ह्युंदाई सुरक्षित आहे का?’ या प्रश्नाला एकच उत्तर नाही. कोणतं मॉडेल, कोणत्या वर्षाचं, कोणतं व्हेरियंट, हे विचारायला हवं. तारे कोणत्या वर्षी मिळाले तेही बघा, कारण चाचण्या मध्यंतरी कडक झाल्या आहेत.

‘पत्रा पातळ आहे’ ही कट्ट्यावरची तक्रारही इथेच मोडते. बाहेरचा पत्रा चेपतो की नाही यावर जीव फारसा अवलंबून नसतो. गाडीचं नाक चेपून धक्का पचवायला हवा आणि माणसं बसतात तो पिंजरा शाबूत राहायला हवा. ताशी 64 किलोमीटर वेगाचा धक्का म्हणजे साधारण 16 मीटरवरून, पाचव्या मजल्यावरून पडण्याइतका.

बाळ मांडीवर नको

त्या जोडप्याशी मी सर्वांत जास्त वेळ यावर बोलले. गाडी ताशी 50 किलोमीटर वेगात असताना आदळली आणि साधारण अर्ध्या मीटरच्या अंतरात थांबली, तर 10 किलोच्या बाळाला धरून ठेवायला जवळजवळ 200 किलोचा जोर लागतो. कुठल्याही आईच्या हातात तो नसतो. यात माया कमी पडत नाही, हे गणित आहे.

केंद्र सरकारच्या आकडेवारीनुसार 2022 मध्ये देशात रस्ते अपघातात 1,68,491 माणसं गेली. त्यातल्या 16,715 जणांनी सीटबेल्ट लावलेला नव्हता, आणि त्यात चालकांइतकेच शेजारी व मागे बसणारेही होते.

म्हणून लक्षात ठेवा:

- लहान बाळासाठी मागच्या सीटवर, मागे तोंड करून बसवलेली चाइल्ड सीट. एअरबॅग चालू असलेल्या पुढच्या सीटवर ती कधीच लावू नका.
- गाडी घेताना आयसोफिक्सचे हूक, पुढच्या दोन तरी एअरबॅग, एबीएस आणि मागेही खांद्यावरून येणारे बेल्ट आहेत ना, ते स्वतः बघा.
- चावी फिरवल्यावर एअरबॅगचा दिवा लागून काही सेकंदांत विझला पाहिजे. लागतच नसेल किंवा विझत नसेल तर गाडी तपासून घ्या.
- मागे बसणाऱ्यांनीही बेल्ट लावायचा. न लावलेला मागचा माणूस धडकेत पुढच्याच्या पाठीवर आदळतो.
- गरोदर बाईनेही बेल्ट लावायचाच. खालचा पट्टा पोटाच्या खालून, कमरेच्या हाडांवरून. वरचा पट्टा छातीच्या मधून, पोटाच्या बाजूने.
- बेल्टचा आवाज बंद करायला मिळणारी खोटी क्लिप घेऊ नका.

त्या दोघांनी ठरवलेली गाडी सोडून दिली. थोडे पैसे जमवून दोन वर्षांनी नवं मॉडेल, एअरबॅग आणि आयसोफिक्स असलेलं, घेतलं. कंपनी तीच, ह्युंदाई. तोपर्यंत कल्याणला रेल्वेने जात राहिले. बाळासाठी रेल्वे मोटारीपेक्षा केव्हाही सुरक्षित, त्यामुळे तो निर्णय मला जास्तच आवडला.

तुमच्याही घरी गाडीचा विषय निघाला असेल तर मालकांना जरूर विचारा, पण सीटबद्दल, क्लचबद्दल आणि खर्चाबद्दल. जिवाबद्दलचा प्रश्न चाचणीच्या निकालाला विचारा. आणि गाडी कुठलीही असो, निघण्याआधी मागच्या सीटकडे एकदा वळून बघा, सगळ्यांचे बेल्ट लागलेत ना.

काळजी घ्या.