मागचं चाक

खड्ड्यात आपटल्यापासून अण्णांच्या सायकलचं मागचं चाक रुसलेल्या जावयासारखं दर फेरीला कुरकुरू लागलं. सायकलवाल्याने ते गरकन फिरवलं.

‘‘साहेब, आऊट काढून देईन, पण रिमला चीर गेलीय. आरे ताणले की फाटणार. नवीच टाका.’’

आली का पंचाईत! अण्णा गेल्यापासून सीट, हँडल, चेन, एकदा तर फ्रेमसुद्धा मी बदललेली. मागचं चाक तेवढं त्यांचं उरलेलं. (आणि घंटी. तीही अण्णांसारखीच क्वचित बोलते.)

‘‘हब शाबूत आहे,’’ तो म्हणाला. ‘‘त्यातच ४० नवे आरे ओवतो.’’

म्हटलं, टाक बाबा! जुनी रिम मात्र घरी आणली. ‘हे भंगार कशाला?’ असं सौ. विचारणार, तोच आईने ती पदराने पुसायला घेतली.