बाबांची लोगान, माझी डस्टर

आधी एक कबुली. अकरावी-बारावीची दोन्ही वर्षं मी बाबांना कॉलेजच्या गेटपर्यंत गाडी आणू दिली नाही. "इथंच सोडा, पुढे ट्रॅफिक असतं," म्हणत एक चौक आधीच उतरायचे. ट्रॅफिक कसलं डोंबलाचं! प्रॉब्लेम गाडीचा होता. महिंद्रा-रेनॉ लोगान. पांढरी, चौकोनी, डब्याला चाकं लावल्यासारखी. वर्गातल्या एका मुलाने तिचं 'टॅक्सी' असं बारसं केलं. नाव त्याने ठेवलं, पण सगळ्यांबरोबर हसले मीही होते.

बाबांनी ती 2008 मध्ये घेतली. "आपल्या नाशकात बनते" हे एक कारण, आणि 510 लिटरची डिकी हे दुसरं. (गावाहून येताना त्यात काय काय यायचं, विचारू नका!) महिंद्रा आणि रेनॉ, 51 टक्के आणि 49 टक्के, असा तो संसार. 2010 मध्ये तो मोडला, महिंद्राने रेनॉचा हिस्सा घेतला आणि 2011 मध्ये लोगानची 'व्हेरिटो' झाली. लग्नानंतर नाव बदललेलं ऐकलंय, घटस्फोटानंतर थेट पहिलं नाव बदलणारी ही एकच! बाबांना मात्र एकच काळजी: आता पार्ट्स मिळणार का?

पुढे मी मासकॉम केलं, पुण्यात फ्रीलान्सिंग सुरू केलं आणि 2022 मध्ये, साठवलेल्या पैशांतून, सेकंड हँड डस्टर घेतली. डिझेल. उंच, रुबाबदार, एकदम 'मी माझी मालकीण' टाइप. घेतल्यावर पहिल्याच शनिवारी नाशिक गाठलं. दाखवायची होती ना!

बाबा बाहेर आले. एक चक्कर मारली. "सुरू कर," म्हणाले. बॉनेट उघडून मान तिरकी करून ऐकत राहिले. मग म्हणाले, "अगं, हा तर आपल्याच गाडीचा आवाज आहे."

मला राग आला, खोटं कशाला बोलू? माझी डस्टर आणि ती टॅक्सी? रात्री त्यांना खोटं पाडायला म्हणून वाचायला बसले. पडले मीच.

फंडा असा. गाडीचा प्लॅटफॉर्म म्हणजे तिचा आपल्याला न दिसणारा भाग: तळाची चौकट, सस्पेन्शन कुठे बसणार, इंजिन कुठे टेकणार, स्टिअरिंग कसं जोडणार. गाडी बनवताना सर्वांत जास्त डोकं आणि पैसा इथेच जातो. म्हणून तो एकदाच बनवायचा आणि वर वेगवेगळे चेहरे चढवायचे. रेनॉने 1999 मध्ये रुमानियाची दाचिया कंपनी घेतली. रेनॉचे तेव्हाचे प्रमुख लुई श्वाइत्झर यांना 5,000 युरोत मिळणारी साधी, दणकट गाडी हवी होती. 2004 मध्ये आली ती लोगान. काटकसर तरी किती? डाव्या-उजव्या आरशांचा आकारही एकच, म्हणजे दोन साचे नकोत! आमच्या आजीला हे डिझाइन फार आवडलं असतं.

त्या प्लॅटफॉर्मचं नाव बी-झीरो. त्यावर दाचिया झाली, रेनॉ झाली, आपल्याकडे महिंद्रा, मेक्सिकोत निसान, रशियात लाडा. इराणमध्येही ती बनली. आणि हो, त्याच बी-झीरोवर डस्टर. लोगानच्या पुढच्या-मागच्या चाकांमधलं अंतर 2630 मिलिमीटर, डस्टरचं 2673. चार सेंटिमीटरचा फरक! इंजिनही त्याच घराण्यातलं, 1.5 लिटरचं डिझेल. लोगानमध्ये 65 अश्वशक्तीचं, माझ्याकडे 85 चं. हेच इंजिन युरोपातल्या मर्सिडीज ए-क्लासमध्येही बसलं होतं. घ्या, टॅक्सी!

2012 मध्ये भारतात डस्टर आली, तेव्हा याच हाडांवर लोक फिदा झाले. पुढच्या वर्षी निसानने तिचीच टेरानो केली, जरा जास्त किमतीला, आणि दोन्ही चेन्नईच्या एकाच कारखान्यातून बाहेर पडायच्या. शोरूममध्ये दोन्हींची तुलना करत बसलेले लोक आठवले की हसू येतं. अर्थात मला हसायचा काय अधिकार? खड्ड्यांतून आरामात जाते म्हणून मी माझ्या गाडीचं कौतुक करत होते. तशीच आरामात आमची लोगान वणीच्या रस्त्याने जायची, तेव्हा मी मागच्या सीटवर तोंड फुगवून बसलेली असायचे.

2023 मध्ये लोगानला 15 वर्षं झाली. आता विकायला लावायचीच, असं आईचं आणि माझं ठरलं होतं. नोंदणीचं नूतनीकरण, फिटनेस, ग्रीन टॅक्स... कोण करणार एवढी कटकट? मग मीच रजा घेतल्यासारखी (फ्रीलान्सरला कसली रजा!) दोन दिवस आले आणि बाबांबरोबर पेठ रोडच्या आरटीओत गेले. गाडी एकदम पास. बाबांचा चेहरा दहावीच्या रिझल्टसारखा.

परत येताना मला कॉलेज रोडला एका मैत्रिणीला भेटायचं होतं. कॉलेजच्या अगदी समोरच्या कॅफेत. बाबांनी एक चौक आधीच इंडिकेटर दिला आणि गाडी कडेला घेतली.

"पुढे ट्रॅफिक असतं ना तुझं," म्हणाले. टोमणा नव्हता त्यात.

"आज नाहीये," मी म्हटलं. "गेटसमोर घ्या, बाबा."

त्यांनी इंडिकेटर बंद केला.